तीन इंची पाणी

१

चन्नबसप्पांच्या बोरमधली मोटर चोरीला गेली ती नेमकी बुधवारी, ज्या दिवशी बोर मोजायला माणूस येणार होता.

मंजुश्रीला ही बातमी लातूरहून उदगीरला येताना एसटीतच कळली. फोनवर दलाल साहेबराव होता. "ताई, घोळ झालाय. अप्पांची मोटर गेली. कुठवर आलात? लवकर या," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला.

मंजुश्रीचा धंदा जरा वेगळा होता. बारा वर्षं तिनं लातूरला एका रंगाच्या दुकानात काढली. कोणत्या भिंतीला ओल आहे, कोणता डाग कशानं जातो, हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. पुढे तिनं दुकान सोडलं आणि पडून राहिलेली, गिऱ्हाईक न मिळणारी घरं विक्रीसाठी तयार करून द्यायला लागली. पोपडे काढायचे, अडगळ हलवायची, अंधाऱ्या खोलीत उजेड आणायचा. आणि मुख्य म्हणजे शेजारच्या घरात नाही असं या घरात काय आहे, ते हुडकून पुढे मांडायचं.

उदगीरच्या रेणुका विहारमध्ये चन्नबसप्पांचं घर दोन वर्षं विकलं जात नव्हतं. चन्नबसप्पा डाळ मिलमध्ये फिटर होते, आता निवृत्त. बायको कमलम्मा, तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी लातूरला न्यावं लागे. एसटीचे ते हेलपाटे तिच्या जिवाला झेपत नव्हते. घर विकायचं आणि लातूरला मुलाजवळ, वीरेशजवळ, दोन खोल्या घ्यायच्या, एवढंच दोघांच्या मनात होतं. पण त्याच गल्लीत आणखी तीन घरांवर 'विकणे आहे'च्या पाट्या लागलेल्या, आणि चारही घरं एकाच साच्यातून काढल्यासारखी.

"तुमच्या घरात वेगळं काय हाय, अप्पा?" मंजुश्रीनं दिवाळीत पहिल्यांदा आल्यावर विचारलं होतं.

चन्नबसप्पांनी बोरच्या झाकणाकडे बघितलं. मग म्हणाले, "पाणी. बोरला तीन इंची पाणी हाय."

लातूर जिल्ह्यात एवढं बोललं की पुढचं बोलावं लागत नाही. मंजुश्रीनं त्या घराचं सगळं रूप पाण्याभोवती उभं केलं. फाटकातून आत आलं की समोरच काळ्या कडप्प्याचा ओटा, त्यावर पितळी तोटी, बाजूला रोपवाटिकेतून आणलेल्या मोगऱ्याच्या आणि झेंडूच्या सहा कुंड्या. गिऱ्हाईक फाटकात आलं की अप्पांनी बटण दाबायचं आणि त्या तोटीतून मनगटाएवढी धार पडायची. तिनं त्याची चित्रफीत करून फोनवर सोडली आणि ती गावभर फिरली. तीच बघून नांदेडहून स्वप्नाली आली. ही परिचारिका, बदली होऊन उदगीरला आलेली. नांदेडला गोदावरीच्या काठी राहूनसुद्धा तिनं पाच उन्हाळे टँकरवर काढले होते. रविवारी ती धार बघताना तिनं पदर खोचून हात पाण्याखाली धरला आणि बराच वेळ काढलाच नाही. त्याच दिवशी तिनं घर नक्की केलं. फक्त एक अट घातली, बुधवारी बोर मोजून घ्यायचा.

मंजुश्री पोचली तेव्हा अंगणात माणसं जमली होती. बोरचं झाकण बाजूला पडलेलं. काळा पाइप तोंडाशीच करवतीनं कापलेला. मोटर नाही, खालचा तीनशे फूट पाइप नाही. मोटरीला बांधायचा नायलॉनचा दोर तेवढा ओट्याशेजारी ढिगासारखा टाकलेला. मोजणीवाल्यानं फीत आत सोडली, ती तीस फुटांवर अडली.

"दगुड टाकल्यात आत," तो म्हणाला. "आता न्हाई मोजता येत."

चन्नबसप्पा पायरीवर बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, हात गुडघ्यांवर. कुणी विचारलं की तेवढंच सांगत, "सकाळी पूजेला पाणी घ्यायला आलो, तर असं."

लोकांच्या पायात येत होता म्हणून मंजुश्रीनं दोराचा ढीग कवेत घेऊन भिंतीकडे सारला आणि मग ओढणी झटकली.

थोड्या वेळानं पोलीस ठाण्यातून जमादार आला. त्यानं बोर बघितला, डोकं खाजवलं आणि एकच प्रश्न विचारला, "या भागात मोटर काढायची तिकाटी आन् कप्पी कुणाकडं हाय?"

कुणी नाव घेतलं नाही, पण चार जणांच्या माना एकाच दिशेला वळल्या. गल्लीच्या टोकाला कलीमचं घर होतं. मोटर दुरुस्त करणारा कलीम त्या वेळी दुकानाला निघाला होता. जमादारानं त्याला थांबवलं. "रात्री कुठं होतास?"

कलीमनं उत्तर दिलं नाही. त्यानं एकदा पायरीवरच्या चन्नबसप्पांकडे बघितलं. चन्नबसप्पांनी मान खाली घातली. मग कलीमनंही मान खाली घातली आणि मुकाट्यानं जमादाराच्या गाडीवर मागे बसला.

२

दुसऱ्या दिवशी निजामोद्दीनचाचा मंजुश्रीला गाठायला चन्नबसप्पांच्या घरी आले, पण फाटकाच्या आत आले नाहीत. हे कलीमचे वडील. जुन्या गावात चौबाऱ्याजवळ राहायचे, आयुष्यभर शिवणकाम केलेलं. डोळे गेल्यापासून मुलाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचे.

"बेटी, तुम्हाला अप्पा ऐकतात," ते म्हणाले. "त्यांनी एक शब्द टाकला तर पोराला सोडतील."

"अप्पांनी त्यांचं नाव घेतलं न्हाई, चाचा."

"घेतलं न्हाई. पण न्हाई बी म्हणले न्हाई." चाचांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मी दुकानात बसून बसून एवढं तर शिकलो. तीनशे फुटावरची मोटर काढायला चार गडी लागतात. कप्पीचा आवाज चार गल्ल्यात जातो. आन् तीनशे फूट पाइप? तो काय खिशात घालून न्यायचाय? गल्लीतून सापासारखा ओढत न्यावा लागतो. कुणीच बघितलं न्हाई?"

मंजुश्रीनं गल्लीच्या टोकाकडे बघितलं.

"कलीम काय म्हणतो?"

"तेच तर." म्हाताऱ्याचा आवाज बारीक झाला. "भेटायला गेलो. म्हणलं, बाबा, सांग न त्यांना, मी केलं न्हाई म्हणून. तर म्हणतो, अब्बा, तुम्ही घरी जा. निरपराध माणूस असा गप बसतो का, बेटी? मलाच भ्या वाटून राहिलं."

ते गेले. मंजुश्री फाटकाला धरून उभी राहिली. या घराचं पाणी तिनंच गावभर दाखवलं होतं. ते दाखवलं नसतं तर मोजायला कुणी आलं नसतं, चोर आला नसता आणि त्या म्हाताऱ्याला पोरावर संशय घ्यावा लागला नसता. ज्यांना घराची पारख होती त्या तिच्या डोळ्यांना या अंगणात काल काहीतरी खटकलं होतं, आणि काय ते तिला अजून सांगता येत नव्हतं.

३

तिला पहिला संशय आला तो शेजारच्या वैजनाथचा. वैजनाथ खत-बियाणांच्या दुकानात कामाला. त्याचंही घर विकायला होतं, आणि दोन घरांचे बोर मधल्या भिंतीच्या अलीकडे-पलीकडे, जेमतेम चाळीस फुटांवर. चन्नबसप्पांचं घर सजल्यापासून त्याच्या घरात एक गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं.

ती आधी स्वप्नालीकडे गेली. स्वप्नाली दवाखान्याच्या आवारात, दुपारच्या सुट्टीत डबा खात होती.

"बोर मोजायचं तुमच्या मनात कसं आलं?" मंजुश्रीनं विचारलं.

"माझ्या मनात कुठलं? मी तर धार बघूनच हुरळले होते. परत निघाले तर शेजारचे काका फाटकात उभे होते. म्हणाले, बाई, घर घ्या, पण बोर मोजून घ्या."

मंजुश्री तडक वैजनाथकडे आली. तो ओसरीवर बसून सुपारी कातरत होता.

"व्हय, म्हणालो," त्यानं कबूल केलं. "खोटं कशाला बोलू?"

"अप्पांचं घर विकू नये म्हणून?"

"माझं विकावं म्हणून."

"आणि मोजणी व्हायच्या आतच मोटर गेली."

"मग? मी नेली म्हणता का?" वैजनाथ हसला, पण त्या हसण्यात काही दम नव्हता. "ताई, जरा डोकं चालवा. मोजायला मी लावलं. मग मोजायच्या आदल्या रात्री बोरमध्ये दगुड मी कशाला टाकीन?"

माणूस खरं बोलत होता. बोर मोजला जावा असं त्याला वाटत होतं. म्हणजे पाणी किती निघेल, याचा त्याला अंदाज होता.

"अप्पांच्या बोरला पाणी न्हाई, असं तुम्हाला वाटतं?"

"मला काय वाटतं त्याला इचारतं कोण?"

"तुमच्या बोरला किती हाय?"

वैजनाथच्या हातातला अडकित्ता थांबला. "मी तिला अप्पांचा बोर मोज म्हणालो," तो सावकाश म्हणाला. "माझा मोज म्हणालो न्हाई."

४

शुक्रवारी साहेबराव खुशीत होता.

"ताई, जमलं. नर्सबाई तयार हायत. म्हणतात, मोटर गेली तर गेली, नवी टाकून घेऊ. पाणी तर डोळ्यानं बघितलंय. सोमवारी रजिस्ट्री. चोराची एक गोष्ट बरी असती, ताई. त्यानं मोटर नेली, पाणी तर न्हाई नेलं."

"आणि कलीम?"

"सुटंल की. मोटर सापडायची न्हाई, दोन दिवस बसवतील, सोडतील."

मंजुश्री कुलूप उघडून अंगणात गेली. अप्पा कमलम्माअव्वांना घेऊन डायलिसिसला लातूरला गेले होते. संध्याकाळपर्यंत घर तिचंच होतं. सोमवारी नव्या मालकिणीच्या हवाली करायचं म्हणून ती कुंड्यांजवळ गेली. सहाही कुंड्यांतली माती दगड झाली होती. झेंडू उभ्या उभ्या वाळलेले. मोगऱ्याच्या पानांचा हातात चुरा झाला.

तीन इंची पाणी असलेल्या घरात, तोटीपासून दोन हातांवर.

ती ओट्यावर बसली. ओल्या फडक्यानं कडप्पा पुसायला घेतला आणि हात तसाच राहिला. पुसायला काही नव्हतंच. काळाभोर, आरशासारखा दगड.

दिवाळीत या घरात आली तेव्हा स्वयंपाकघरातल्या आणि न्हाणीतल्या तोट्यांवर नखाएवढा जाड पांढरा थर होता. वर्षानुवर्षं बोरचं क्षाराचं पाणी वाहून जमलेला. तीन दिवस ॲसिडनं घासून तिनं तो काढला, बोटांची सालं गेली. ते पाणी या काळ्या दगडावर एकदा जरी वाळलं असतं तरी पांढरे ओघळ उमटले असते. इथं चार गिऱ्हाइकांसमोर चार वेळा मनगटाएवढी धार पडली होती. डाग एक नाही.

चित्रफितीत पडत होतं ते पाणी बोरचं नव्हतं. ते आठ-दहा दिवसांनी येणारं नळाचं, धरणाचं पाणी होतं.

मग तिला ओढणी आठवली. बुधवारी तिनं तो दोर कवेत घेतला होता. सहा तासांपूर्वी पाण्यातून ओढून काढलेला दोर, माघातल्या थंडीत ढीग करून टाकलेला. आतून तरी ओला असायला हवा होता, शेवाळ लागलेला असायला हवा होता. ओढणी तिनं झटकली होती ती कोरड्या धुळीसाठी.

दगड टाकायचे श्रम चोर कशाला घेईल? त्याला मोटर हवी, बोर बुजवून त्याचा काय फायदा? बोर बुजवण्यात फायदा एकाच माणसाचा होता. ज्याला ती फीत खाली जाऊ द्यायची नव्हती त्याचा.

आणि ओट्याचं काम. फरशीवाल्याला तिनं बोलावलं तेव्हा पाइपाभोवतीचं सिमेंट आधीच भरलेलं होतं. "तेवढं मी करून घेतलं," अप्पा म्हणाले होते, "तुम्ही वरून फरशी लावा." मिलमध्ये पस्तीस वर्षं पाइप जोडलेला माणूस. मंजुश्रीनं पायरीशेजारच्या हौदाचं लोखंडी झाकण उचललं. हौद जवळजवळ रिकामा होता. तळाशी वीतभर पाणी, आणि त्यात बुडालेली छोटी, अर्ध्या अश्वशक्तीची मोटर. तिचा पाइप सरळ ओट्याच्या खाली शिरला होता.

फाटकाची कडी वाजली. अप्पा-अव्वा लवकर परतले होते.

५

चन्नबसप्पांनी उघडं झाकण बघितलं, मंजुश्रीकडे बघितलं आणि काही न बोलता कमलम्माला धरून आत नेलं. तिला कॉटवर टेकवलं, पायावर चादर घातली. मग तिथंच उभ्या उभ्या म्हणाले, "विचारा."

"मोटर चोरीला गेलीच नाही, अप्पा."

"न्हाई."

"ती बोरात नव्हतीच."

"मागच्या वैशाखात जळली. पाणी खाली गेलं, ती कोरडीच फिरत राहिली. काढून पाइपासकट भंगारात घातली." त्यांचा आवाज एखाद्या यंत्राचा बिघाड सांगावा तसा सपाट होता. "सहाशे फुटाला बी ओल न्हाई. दोर तेवढा माळ्यावर ठेवला होता."

"मग मला तीन इंची पाणी का सांगितलं?"

"तुम्ही इचारलं, या घरात वेगळं काय हाय. मला दुसरं काय सुचंना." थोडं थांबून ते म्हणाले, "दहा वर्षांमागं होतं. खोटं न्हाई सांगत. होतं."

कमलम्मा कॉटवरून कानडी मिसळत बोलली. तिचा श्वास प्रत्येक शब्दाला पुरत नव्हता. "बा तंगी, बस. उभी नको राहू." मंजुश्री बसली. "गिऱ्हाईक यायचं म्हणलं की आम्ही नळाचं पाणी हौदात साठवायचो. दोन-दोन आठवडे. यांनी अंघोळ सोडली. मी ओल्या फडक्यानं अंग पुसायची. कपडे वीरेशकडं न्यायची, लातूरला. तुझ्या कुंड्यांना घालावं वाटायचं गं. पण तांब्याभर घातलं की तेवढी धार कमी व्हायची."

बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. मंजुश्रीला वाटलं, आपण उठावं, कडी लावावी आणि सोमवारपर्यंत लातूरहून येऊच नये.

"आणि कलीम?" ती म्हणाली. "तो आत बसलाय, अप्पा."

"मी त्याचं नाव घेतलं न्हाई."

"तुम्ही तो न्हाई असंही म्हणाला न्हाईत."

चन्नबसप्पांचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला आणि तिथंच राहिला. "सोमवारपतुर," ते म्हणाले. "सोमवारी रजिस्ट्री झाली की मी सोता जाऊन सांगतो, माझी तक्रार न्हाई म्हणून. दोन दिस हायत. हिला लातूरला नेऊ द्या, ताई. या एसटीत ती एक दिवस जाईल माझ्या मांडीवर."

"आणि ती नर्स? ती इथं येऊन काय पिणार?"

चन्नबसप्पांनी कमलम्माच्या पायावरची चादर सारखी केली.

"दोन दिवसांत कलीमनं तोंड उघडलं तर?"

"कलीम बोलणार न्हाई," चन्नबसप्पा म्हणाले, आणि ते इतक्या खात्रीनं म्हणाले की मंजुश्री चमकली.

"कशावरून?"

म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

६

मंजुश्रीनं सोमवारची वाट बघितली नाही. शनिवारी सकाळी तिनं स्वप्नालीला हौदाशी आणून उभं केलं आणि सगळं सांगितलं. स्वप्नाली रागावली नाही. ओट्याच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "मी सासूबाईंना फोटो पाठवले होते. त्या म्हणल्या, आता मरायला हरकत न्हाई." मग उठून, फाटक न लावताच निघून गेली.

ठाण्यात चन्नबसप्पा स्वतः गेले. मंजुश्रीनं त्यांना रिक्षात बसवलं तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. जमादारानं कपाळावर आठ्या घालून ऐकलं, 'गैरसमजातून तक्रार' असं काहीतरी लिहून घेतलं, म्हाताऱ्याला दम भरला आणि दुपारपर्यंत कलीमला सोडलं. कुणाला शिक्षा झाली नाही, एका परीनं कुणाचा गुन्हाही राहिला नाही.

पण गोष्ट रेणुका विहारच्या बाहेर पडली. आठवड्याभरात गावात त्या भागाचं नावच पडलं, कोरडी गल्ली. वैजनाथनं आपल्या घरावरची पाटी काढून ठेवली. बाकीच्या दोन पाट्या लटकत राहिल्या, कारण त्या काढायला कुणी आलं नाही. साहेबरावनं मंजुश्रीचा फोन उचलणं बंद केलं. चन्नबसप्पा मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं कमलम्माला लातूरला नेत राहिले.

एक प्रश्न मात्र मंजुश्रीच्या डोक्यातून गेला नव्हता. पंधरा दिवसांनी एका कामाला उदगीरला आली तेव्हा ती कलीमच्या दुकानात गेली. कलीम खाली बसून एका जळक्या मोटरीतली तांब्याची तार उसवत होता. चाचा दिसले नाहीत.

"तुम्हाला माहीत होतं," मंजुश्री म्हणाली. तिनं हे विचारलं नाही.

"मागच्या वैशाखात मोटर मीच काढली," कलीम म्हणाला. "सहाशे फूट फीत मीच सोडली. त्याच आठवड्यात वैजनाथचा बोर बघितला. मग माझा."

"मग ठाण्यात का नाही सांगितलं? एका वाक्यात सुटला असता."

"काय सांगू? बोर कोरडा हाय म्हणून?" तार उसवायचे हात थांबले नाहीत. "आमचं बी घर विकायला होतं, मॅडम. पाटी लावली न्हाई, कुणाला सांगितलं न्हाई, अब्बाला बी न्हाई. माझ्या बायकोचे, कशिशचे भाऊ बिदरला हायत, तिकडं दुकान टाकायचं होतं. देगलूरचं गिऱ्हाईक होतं. मी सुटलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ते इसार घेऊन येणार होते." तो पहिल्यांदा वर बघून म्हणाला, "अप्पाचा बोर कोरडा म्हणलं की चाळीस फुटावर वैजनाथचा, आन् गल्लीच्या टोकाला माझा. मी म्हणलं, चार दिवस बसू आत. मोटर सापडायची न्हाई, सोडतीलच. अप्पाला बी हे ठाऊक होतं. आम्ही एकमेकाला काही बोललो न्हाई, बघितलं तेवढंच."

मंजुश्रीनं विचारलं, "आणि गिऱ्हाईक?"

"फोन आला होता. म्हणले, ती कोरडी गल्ली म्हणतात, ती तुमचीच का?"

"तुम्ही काय म्हणलात?"

"काय म्हणणार? व्हय म्हणलं."

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात कलीमनं हातानं थांबवलं. रस्त्यापलीकडून निजामोद्दीनचाचा येत होते. एका हातानं भिंत चाचपत, दुसऱ्या हातात चहाची किटली.

"अब्बाला यातलं काही सांगू नका," कलीम हळू आवाजात म्हणाला. "त्यांना वाटतं, तुम्ही मला वाचवलं."

चाचा आत आले. तिनं हाक मारताच आवाजावरून त्यांनी तिला ओळखलं, किटली बाकड्यावर ठेवली आणि दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवून बराच वेळ दुआ देत राहिले. मंजुश्री मान खाली घालून उभी राहिली. कलीम पुन्हा मोटरीवर वाकला होता.